दान केलेलें मूत्रपिंड कसें टिकवितात ?

नाशवंत वस्तु टिकविण्याचें शास्त्र आपल्या गृहिणींस नव्यानें शिकविण्याचें कारण नाहीं. कैरी मिठांत मुरवावी, आवळे साखरेच्या पाकांत सोडावे, पापड कडक उन्हांत वाळवावे, आणि हल्लींच्या दिवसांत उरलेंसुरलें सारें फ्रिजमध्यें लोटावें. परंतु या सर्व युक्त्यांत एक गोष्ट सारखी आहे. टिकविलेली वस्तु पुन्हां जिवंत व्हावी, अशी अपेक्षा तेथें कोणीच करीत नाहीं. मुरलेली फोड परत झाडास लावून ती वाढेल, असें कोण म्हणेल ? दान केलेल्या मूत्रपिंडाविषयीं मात्र नेमकी हीच अपेक्षा असते. एका देहांतून तें काढावयाचें, कित्येक तास पेटींत ठेवावयाचें, कदाचित् दुसऱ्या गांवीं न्यावयाचें, आणि तेथें परक्या देहांत शिवल्यावर त्यानें मुकाट्यानें आपलें काम सुरू करावयाचें. हे मधले तास शास्त्रज्ञ कसे निभावून नेतात, तें आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

विषय इस्पितळांतला असला तरी घराबाहेरचा नाहीं. ज्याचीं दोन्ही मूत्रपिंडें निकामी झालीं, त्यास आठवड्यांतून दोनतीन वेळां, दर खेपेस चारचार तास, डायलिसिसच्या यंत्रास बांधून घ्यावें लागतें. घरांतील एक माणूस त्याच्या जाण्यायेण्यांत गुंततो, मिळकतीचा मोठा भाग तिकडे जातो, आणि प्यावयाचें पाणीसुद्धां फुलपात्रानें मोजून द्यावें लागतें. यांतून सुटण्याचा मार्ग म्हणजे दुसऱ्याचें मूत्रपिंड मिळणें. आपल्या देशांत तें बहुतेक वेळां जिवंत नातलगाकडूनच मिळतें. आणि हे नातलग कोण, म्हणून पाहूं गेल्यास त्यांत आया, बायका आणि बहिणी यांचीच संख्या पुरुषांहून पुष्कळ अधिक निघते. ‘कर्त्या पुरुषाची प्रकृति जपली पाहिजे,’ हा युक्तिवाद आपल्या घरांतून किती सहजपणें चालतो, हें सांगावयास नको. मृत दात्यांचीं मूत्रपिंडें जितकीं अधिक मिळतील आणि जितकीं चांगलीं टिकतील, तितक्या आयांना शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवें व्हावें लागणार नाहीं. तेव्हां बर्फाच्या पेटीची ही हकीकत घरांतील स्त्रियांनीं आणि कर्त्या मंडळींनीं एकत्र बसून वाचावी, अशी माझी विनंति आहे.

आपल्या प्राचीन वैद्यकांत या अवयवास वृक्क असें नांव आहे, आणि चरकानें कोष्ठांगांची गणना करतांना ‘वृक्कौ’ असें द्विवचनच योजिलें आहे. मराठीनें द्विवचन टाकून दिलें तें व्यवहाराच्या सोयीसाठीं ठीकच झालें. पण प्रस्तुत विषयांत हें द्विवचन किती कामाचें आहे, तें पुढें दिसेल. मूत्रपिंड मुठीएवढें, सुमारें दीडशें ग्रॅम वजनाचें. मात्र हृदयांतून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पांचवा हिस्सा या जोडीकडे जातो. दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर पाणी येथें गाळलें जातें, आणि त्यांतलें दीडदोन लिटर सोडून बाकीचें सर्व परत रक्तांत ओढून घेतलें जातें. ही ओढाताण फुकट होत नाहीं. तिला सतत इंधन लागतें आणि इंधन जाळावयास प्राणवायु लागतो. म्हणूनच रक्त बंद पडल्याचें दुःख या अवयवास फार लवकर जाणवतें.

तें दुःख काय असतें, तें थोडें खोलांत जाऊन पाहूं. शरीरांतील प्रत्येक पेशीच्या भिंतींत सूक्ष्म पंप बसविलेले असतात. ते आंत शिरलेलें सोडियम बाहेर फेकतात आणि बाहेर गेलेलें पोटॅशियम आंत घेतात. पेशी ही गळक्या होडीसारखी आहे, असें समजा. नावाडी रात्रंदिवस पाणी उपसतो म्हणून ती तरंगते. रक्त थांबलें कीं प्राणवायु थांबतो, इंधन संपतें, आणि नावाड्याचे हात खालीं पडतात. मग सोडियम आंत येतें, त्याच्यामागोमाग पाणी येतें, आणि पेशी भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी फुगते. देह ऊबदार असतांना असें झालें तर अर्ध्या तासांत इजा होऊं लागते आणि तासाभरांत बहुतेक नासाडी होते. शिवाय खर्ची पडलेल्या इंधनाचे तुकडे पेशींत साठून राहतात. पुढें रक्त परत आलें आणि प्राणवायूचा लोंढा एकदम त्यांवर पडला, कीं त्यांपासून जहाल द्रव्यें निर्माण होऊन उरलीसुरली पेशीही होरपळते. फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसास एकदम पोटभर जेवूं घातलें तर तो दगावूं शकतो. त्यांतलाच हा प्रकार.

यावर पहिला उपाय थंडीचा. उष्णतामान दहा अंशांनीं उतरलें कीं पेशींतील व्यवहार साधारणपणें निम्म्यावर येतात. चार अंशांवर ते मूळच्या दशांशापर्यंत किंवा त्याहूनही खालीं जातात. तितका कमी प्राणवायु लागतो आणि तितकें अधिक तास निभतात. मात्र एवढ्यानें थंडीस संजीवनी मानूं नये. तिनें कर्ज फिटत नाहीं, केवळ व्याजाचा दर उतरतो; आणि त्या थंडींत उपसणारे पंपही गारठून बसतात. बरें, आणखी थंड करावें तर शून्याखालीं पाण्याचें बर्फ होतें, त्याचे टोंकदार स्फटिक पेशींच्या भिंती फाडतात, आणि वितळल्यावर हातीं लगदा येतो. गोठलेला टोमॅटो वितळल्यावर कसा होतो, तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस अधिक सांगणें नको.

थंडीवांचून काय होतें, याचें एक करुण उदाहरण वैद्यकाच्या इतिहासांत नमूद आहे. १९३३ सालीं, हल्लींच्या युक्रेन देशांतील खेर्सोन या गांवीं, युरी वोरोनॉय नांवाच्या शस्त्रवैद्यानें मृत माणसाचें मूत्रपिंड जिवंत माणसास बसविण्याचा पहिला प्रयत्न केला. पाऱ्याचें विष पोटांत गेल्यामुळें जिचीं मूत्रपिंडें बंद पडलीं होतीं अशी एक २६ वर्षांची स्त्री त्याच्यापुढें होती. डोक्यास इजा होऊन मेलेल्या एका वृद्धाचें मूत्रपिंड त्यानें मृत्यूनंतर सहा तासांनीं काढलें आणि तिच्या मांडीच्या रक्तवाहिन्यांस जोडलें. दोघांचे रक्तगटही जुळत नव्हते. ती बाई दोन दिवसांनीं वारली. वोरोनॉयच्या धैर्याविषयीं शंका नाहीं. पण सहा तास ऊबदार प्रेतांत पडलेल्या अवयवाकडून काम होणें शक्यच नव्हतें.

यानंतर एकवीस वर्षांनीं, २३ डिसेंबर १९५४ रोजीं, अमेरिकेंतील बोस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं एका जुळ्या भावाचें मूत्रपिंड दुसऱ्यास बसविलें, आणि तो दुसरा भाऊ पुढें आठ वर्षें जगला. तेथें टिकविण्याचा प्रश्नच फारसा उद्भवला नाहीं, कारण देणारा व घेणारा एकाच इस्पितळांत, एकाच वेळीं टेबलावर होते. जिवंत नातलगाच्या दानाची मोठी सोय आजही हीच आहे : मूत्रपिंड शेजारच्या खोलींतून थंड पाण्याच्या भांड्यांतून आणावयाचें एवढेंच. परंतु देणारा नागपुरास मृत्युशय्येवर आणि घेणारा दुसऱ्या इस्पितळांत घरच्या बोलावण्याची वाट पाहत, अशी स्थिति असली म्हणजे ही सोय संपते.

१९६० नंतर शरीराचा परक्या अवयवाविषयींचा विरोध दाबणारीं औषधें हातीं आलीं, आणि मग टिकविण्याचा प्रश्न निकडीचा झाला. त्यावर दोन वाटा निघाल्या. सॅन फ्रान्सिस्को येथील डॉ. फोकर्ट बेल्झर यांचें म्हणणें असें कीं, अवयवास थंड करून ठेवावें, पण त्यांतून द्रवाचा प्रवाह यंत्रानें चालूं ठेवावा. त्यांनीं कुत्र्याच्या मूत्रपिंडांतून रक्तांतील निवळ, म्हणजे प्लाझ्मा, फिरवून पाहिला. पण कांहीं तासांनीं दाब चढे आणि वाट तुंबे. पुढें गोठवून वितळविलेल्या प्लाझ्मांत साका धरतो, हें ध्यानांत आलें. तो साका गाळून काढतांच प्रवाह सुरळीत चालूं लागला ! १९६७ सालीं त्यांनीं कुत्र्याचें मूत्रपिंड ७२ तास टिकवून दाखविलें, आणि लागलीच माणसाचें मूत्रपिंड १७ तास यंत्रावर ठेवून यशस्वी रीतीनें बसविलें. ताक गाळून घ्यावें हें आपल्याकडे पोरासोरांस ठाऊक असतें, असें कोणी म्हणेल. पण गाळावयाचें काय, हें कळण्यासच बुद्धि लागते.

दुसरी वाट लॉस एंजेलिस येथील डॉ. जॉफ्री कॉलिन्स व त्यांचे सहकारी यांची. १९६९ सालीं त्यांनीं यंत्र बाजूस सारलें. त्यांचा विचार सरळ होता. पेशीच्या आंत पोटॅशियम पुष्कळ, बाहेर सोडियम पुष्कळ. पंप बंद पडल्यावर या दोहोंची अदलाबदल होते. मग बाहेरचें द्रावणच आंतल्यासारखें, म्हणजे पोटॅशियमनें भरलेलें, बनविलें तर अदलाबदल होणार कशाची ? असें द्रावण करून, थोडें ग्लुकोज घालून, त्यांनीं तें मूत्रपिंडांतून एकदां फिरविलें आणि तें साध्या बर्फांत ठेवलें. ३० तास टिकलें ! यंत्र अवजड, महाग आणि राखणदाराची अपेक्षा करणारें; बर्फाची पेटी कोणासही उचलून विमानांत ठेवतां येण्याजोगी. जगानें साहजिकच पेटी पत्करली.

पुढें बेल्झर मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठांत गेले, आणि तेथें जेम्स साउथर्ड यांच्यासह त्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत एक नवें द्रावण सिद्ध केलें. त्या विद्यापीठाच्या नांवानेंच तें ओळखलें जातें. त्यांतील घटक पाहतांना मला मोठी गंमत वाटली. पेशींनीं पाणी पिऊं नये म्हणून पाण्यास बाहेरच धरून ठेवणारे मोठे रेणु त्यांत घातलेले आहेत. त्यांतला एक लॅक्टोबायोनेट; तो दुधांतल्या साखरेपासून करतात. दुसरी रॅफिनोज नांवाची साखर. ही वाल, चवळी यांसारख्या कडधान्यांत असते, आणि हीच आपल्या पोटांत पचत नाहीं म्हणून वालाची उसळ खाल्ल्यावर वायु धरतो. तिसरें, पिठूळ द्रव्याचें रूपांतर केलेलें एक संयुग. लोणच्यांतलें मीठ कैरीच्या फोडीचें पाणी बाहेर ओढतें, त्याच न्यायानें पण फार बेतानें, येथें पाणी बाहेर थोपवून धरतात. याशिवाय इंधनाची सामग्री म्हणून अॅडेनोसिन, आणि मघां सांगितलेली होरपळ टाळण्यासाठीं ग्लुटाथायोन व अॅलोप्युरिनॉल. हें शेवटचें औषध वातरक्ताच्या रोग्यांच्या ओळखीचें आहे. पोटॅशियम मात्र भरपूर हवेंच, असें पुढें ठरलें नाहीं. जर्मनींत गटिंगन येथें ब्रेटश्नायडर यांनीं मूळ हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठीं केलेलें, पोटॅशियम थोडें असलेलें पातळ द्रावणही मूत्रपिंडास मानवतें.

प्रत्यक्ष बांधाबांध कशी करतात, तेंही सांगतों. दात्याच्या मुख्य धमनींत नळी घालून थंड द्रावण सोडतात आणि त्याच वेळीं पोटांत बर्फाचा चुरा भरतात. काळसर तांबडें मूत्रपिंड पाहतां पाहतां फिकट राखी होतें. म्हणजे आंतलें रक्त धुवून निघालें. मग तें काढून, द्रावण भरलेल्या निर्जंतुक पिशवींत ठेवतात. ती पिशवी थंड सलाइनच्या दुसऱ्या पिशवींत, ती तिसरींत, आणि मग सर्व बर्फाच्या पेटींत. बर्फ अवयवास उघडा लागतां कामा नये, लागल्यास तेवढा भाग गोठून मरतो. पेटीवर डावें कीं उजवें, रक्तगट कोणता, आणि धमनी केव्हां बंद केली, हें लिहितात. त्या शेवटच्या नोंदीवरून पुढचे सर्व हिशेब चालतात. हृदयास या रीतीनें चारसहा तासच मिळतात. मूत्रपिंड चोवीस तास, प्रसंगीं त्याहूनही अधिक, दम धरतें. पण म्हणून वेळ दवडावा असें नव्हे, कारण जितके तास जास्त, तितकें तें नव्या देहांत उशिरां जागें होतें.

हा वेळ कशास लागतो ? ज्यास मूत्रपिंड द्यावयाचें त्याच्या रक्तांत दात्याच्या पेशींविरुद्ध कांहीं दडलेलें नाहीं ना, ही चांचणी करावयाची असते, आणि तिलाच कांहीं तास लागतात. रोग्यास घरून बोलवावें लागतें, जरूर तर आधीं डायलिसिस करावें लागतें. महाराष्ट्रांत ही व्यवस्था अलीकडची. मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ सालीं संसदेनें केला, आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो ज्या राज्यांत प्रथम लागू झाला त्यांत महाराष्ट्र व गोवा हीं होतीं. मेंदूचा मूळ भाग कायमचा मेला म्हणजे मनुष्य मेला, हें त्या कायद्यानें मान्य केलें. डॉक्टरांनीं ती तपासणी निदान सहा तासांच्या अंतरानें दोनदां करावयाची, आणि मग जवळच्या आप्तांनीं संमति द्यावयाची. मुंबई, पुणें, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथें अवयवांचें वाटप पाहणारीं केंद्रें आहेत.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘डॉक्टर घाई करतात, विचारास वेळ देत नाहींत,’ असें पुष्कळ घरांत बोललें जातें. वस्तुतः व्हेंटिलेटर चालूं आहे व हृदय धडधडत आहे, तोंवर मूत्रपिंडास त्याच्या हक्काचें रक्त मिळतच असतें. पेटीचें घड्याळ तेव्हां सुरू झालेलें नसतें. म्हणून मंडळींनीं आपसांत चार शब्द बोलण्यास अवकाश असतो. तथापि मेंदू गेलेला देह फार काळ सांवरून धरतां येत नाहीं. रक्तदाब ढांसळतो, औषधांनीं तो उचलून धरावा लागतो, आणि शेवटीं हृदयही थांबतें. ‘थोरले काका गांवाहून येऊं देत, मग ठरवूं,’ असें म्हणतां म्हणतां हृदय थांबलें तर पुढच्या अर्ध्यापाऊण तासांत सारें फुकट जातें; आणि काका येतात ते होकार द्यावयास, हेंही मीं पाहिलें आहे. एकत्र कुटुंबांत निर्णय एकट्यानें घ्यावयाचा नसतो, ही रीत मला मान्य आहे. पण तो आजाराच्या खाटेशींच घ्यावा, असा कांहीं नियम नाहीं. दिवाळीस सारीं भावंडें जमतात, तेव्हां जमिनीच्या वांटणीविषयीं बोलणें निघतें; मग याविषयीं कां निघूं नये ? देह शिवून नीट परत मिळतो आणि अंत्येष्टि यथासांग करतां येते, एवढें घरांतील वृद्धांस आधींच सांगून ठेवावें.

अवयवदानाच्या सभांतून दधीचीचें उदाहरण हटकून देतात. उदाहरण उदात्त आहे, पण मला तें अपुरें वाटतें. दधीचीनें अस्थि दिल्या, आणि अस्थि टिकतात. त्यास पेटी, बर्फ आणि रक्तगटाची चांचणी यांची जरूर नव्हती. मूत्रपिंडाच्या दानांत दात्याच्या औदार्याइतकाच भार पेटी वाहणाऱ्यावर आहे. असो.

आतां त्या द्विवचनाकडे वळूं. बर्फाची पेटी बरी कीं बेल्झरचें यंत्र बरें, हा वाद चाळीस वर्षें धुमसत होता. त्याचा निकाल लावणें कठीण, कारण प्रत्येक दाता निराळा : एक तरुण, एक वृद्ध, एकास रक्तदाब, एकास मधुमेह. नेदरलंड्स, बेल्जम आणि जर्मनीचा एक प्रांत येथील डॉक्टरांनीं मग निसर्गानें दिलेल्या जोडीचाच उपयोग केला. ३३६ मृत दात्यांपैकीं प्रत्येकाचें एक मूत्रपिंड त्यांनीं यंत्रावर ठेवलें आणि दुसरें बर्फांत. दाता तोच, दिवस तोच, शस्त्रवैद्य तेच. फरक काय तो टिकविण्याच्या रीतीचा. २००९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. बर्फांतल्या ३३६ पैकीं ८९ मूत्रपिंडें नव्या देहांत लागलींच कामास लागलीं नाहींत, आणि रोग्यास पहिल्या आठवड्यांत पुन्हां डायलिसिस घ्यावें लागलें. यंत्रावरच्यांत अशीं ७० निघालीं. वर्षाअखेर यंत्रावरचीं शेंकडा ९४ टिकून होतीं, बर्फांतलीं शेंकडा ९०. फरक डोळे दिपविणारा नाहीं. पण शंभरांतील चार म्हणजे चार घरें, आणि त्या चार घरांतून पुन्हां कोणाची तरी आई पुढें यावयाची.

यश मिळालें म्हणजे उत्साहास भरती येते. मूत्रपिंड थंडच कां ठेवावें, देहाच्या उबेंतच रक्ताच्या तांबड्या पेशी फिरवून त्यास जागें कां करूं नये, असा विचार इंग्लंडांत निघाला. हृदय थांबून मेलेल्या दात्यांच्या ३३८ मूत्रपिंडांवर तो कसास लावण्यांत आला; निम्मीं बसविण्यापूर्वीं तासभर ऊबदार यंत्रावर ठेवलीं. २०२३ सालीं निकाल लागला : उशिरां जागीं होणाऱ्यांचें प्रमाण दोन्हीकडे शेंकडा साठाच्या आसपासच राहिलें. असा निष्फळ निकालही त्यांनीं यथास्थित छापला, याबद्दल मला त्या मंडळींविषयीं अधिकच आदर वाटतो.

आणि शून्याखालची वाट ? तीही अगदींच बंद झालेली नाहीं. साखरेचा पाक सावकाश निवूं दिला तर खडीसाखरेचे खडे धरतात. चिक्कीचा पाक झटकन् निवला तर खडे न धरतां कांचेसारखा पापुद्रा होतो. पाण्याचेंही असेंच करतां येतें. विशिष्ट द्रव्यें भरून मूत्रपिंड फार वेगानें थंड केलें तर आंत बर्फ न होतां कांच होते. कॅलिफोर्नियांतील ग्रेगरी फाही यांनीं सशाचें एक मूत्रपिंड अशा रीतीनें थिजवून, वितळवून, परत बसविलें. तो ससा त्यावर ४८ दिवस जगला, हें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. खरी अडचण थंड करतांना नसून ऊब देतांना येते. बाहेरचा भाग आधीं तापला आणि आंतला मागें राहिला तर कांच तडकते किंवा आंत स्फटिक धरतात. मिनेसोटा विद्यापीठांत त्यावर अशी तोड काढली कीं, लोहाच्या गंजाचे अतिसूक्ष्म कण द्रवाबरोबर रक्तवाहिन्यांत भरावयाचे आणि मग चुंबकीय क्षेत्रानें ते कणच तापवावयाचे, म्हणजे ऊब आंतूनबाहेरून एकदम पसरते. पांढऱ्या उंदरांचीं मूत्रपिंडें त्यांनीं शंभर दिवसांपर्यंत अशीं ठेविलीं, आणि परत बसविल्यावर त्यांवर ते उंदीर जगले. ही २०२३ ची गोष्ट. उंदराचें मूत्रपिंड ग्रॅम-दीड ग्रॅम वजनाचें, माणसाचें त्याच्या शंभरपट. एवढा मोठा गोळा एकसारखा निववून एकसारखा तापविण्याची खटपट सध्यां चालूं आहे, आणि अशा रीतीनें थिजविलेलें माणसाचें मूत्रपिंड अद्याप कोणास बसविलेलें नाहीं.